खानापूरहून वेस्टर्न व्हायोलिनच्या करिअरकडे कसं जायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगी तेरा वर्षांची, राहता खानापूरला. चार वर्षं बेळगावला हिंदुस्थानी व्हायोलिनच्या क्लासला जाते, गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झाली आहे. आता मोबाइलवर स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, वियोला आणि चेलो अशा चौघांचं वादन) ऐकून तिला वेस्टर्न शिकायचंय आणि दहावीनंतर हेच करायचं म्हणते. होईल का, पोट भरेल का, पहिलं काय करायचं?

व्हायोलिनचं करिअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं ऑर्केस्ट्रासमोर एकटा उभा राहून वाजवणारा कलाकार येतो. ती वाट तुमच्या मुलीला जवळजवळ बंद आहे, हे आत्ताच मान्य करा. तिकडं जाणारी मुलं पाचव्या-सहाव्या वर्षी सुरुवात करतात आणि तेराव्या वर्षी मोठे कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीनं एकट्यानं वाजवायच्या रचना) वाजवत असतात. पण त्या वाटेवर पोट भरणारे जगभरात मोजकेच. बाकी सगळ्या वादकांचं काम तीन ठिकाणी वाटलेलं असतं: ऑर्केस्ट्रातली खुर्ची, चेंबर म्युझिक (तिघाचौघांनी कंडक्टरशिवाय वाजवायचं संगीत) आणि शिकवणं. दर महिन्याला खात्रीनं येणारा पैसा बहुतेकांना शिकवण्यातूनच मिळतो. शिकवणं हा हरलेल्याचा धंदा आहे असं घरात कुणी म्हणत असेल तर ते डोक्यातून काढा.

मुंबईत १९०८ साली जन्मलेले मेहली मेहता (झुबिन मेहतांचे वडील) बघा. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढं तिशी उलटल्यावर न्यूयॉर्कला नामवंत व्हायोलिन शिक्षक इव्हान गॅलामियन यांच्याकडे शिकायला गेले, मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवलं, फिलाडेल्फियाला कर्टिस क्वार्टेटमध्ये वाजवलं आणि १९६४ साली लॉस एंजेलिसला तरुण वादकांचा अमेरिकन यूथ सिम्फनी काढून पुढं कित्येक वर्षं शिकवत राहिले. ऑर्केस्ट्रा, क्वार्टेट, शिकवणं, तिन्ही एकाच आयुष्यात. नमुना म्हणून हाच धरा.

भारतात व्यावसायिक ऑर्केस्ट्रा म्हणावा असा एकच, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ पासूनचा; त्यातही बरेच वादक बाहेरून येतात. चित्रपटाच्या रेकॉर्डिंगचं काम एके काळी मुंबईत गोव्याच्या वादकांनी पेललं होतं. आता त्यातलं बरंच कॉम्प्युटरमधल्या आवाजांनी खाल्लं आहे; चेन्नईत अजून स्ट्रिंग सेक्शन बसतात. अशा सेशनला नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेले सूर) समोर ठेवतात आणि एखाददुसऱ्या वाचनानंतर रेकॉर्डिंग सुरू. वाचता येत नसेल तर कितीही गोड वाजवा, पुन्हा बोलावणं येत नाही.

आता मुलीकडे काय आहे आणि काय नाही ते पाहू. कान आहे, आणि तो लहान गोष्ट नाही. तानपुऱ्याच्या खर्जातून आपसूक उमटणारा गंधार ज्याला ऐकू येतो, त्याला क्वार्टेटमधलं सुरात असणं निम्मं कळलेलं असतं. पियानोचा किंवा हार्मोनियमचा गंधार त्या गंधारापेक्षा १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढा असतो. क्वार्टेटमध्ये पियानो नसतो, म्हणून कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) लावताना चेलोनं तळाचा सूर धरायचा, त्यावर पंचम आणि सप्तक जुळवायचं आणि सगळ्यात शेवटी गंधार बसवायचा, तोही तानपुऱ्यातला. कीबोर्डवर कान तयार झालेल्या मुलांना हे शिकायला वर्षं लागतात.

एक प्रयोग तिला आजच करू द्या. वेस्टर्न मिळवणीत, म्हणजे जी-डी-ए-ई अशा चार तारा शुद्ध पंचमाच्या अंतरानं लावून, डी तारेवर पहिलं बोट ठेवून ई सूर काढायचा. तो मोकळ्या ए तारेबरोबर वाजवून अगदी स्वच्छ मिळवायचा. आता बोट न हलवता तोच सूर मोकळ्या जी तारेबरोबर वाजवायचा. बेसूर लागेल. बोट मागं, स्क्रोलकडं (व्हायोलिनच्या मानेचं वळलेलं टोक) सरकवावं लागेल. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर जवळजवळ साडेतीन मिलिमीटर. हा फरक कंपनसंख्यांत ८१:८० चा, आपल्याकडे जिला प्रमाण श्रुती म्हणतात तीच. 'ई कुठं आहे?' ह्याला एक उत्तर नाही, शेजारी कोण वाजवतंय त्यावर ते ठरतं, हे तिला पंधरा मिनिटांत कळेल.

हात मात्र नव्यानं घडवावा लागेल. आपल्या पद्धतीत मांडी घालून बसतात, स्क्रोल पायावर टेकतो, व्हायोलिनचं वजन छाती आणि पाय घेतात, म्हणून डावा हात मोकळा राहून तारेवर घसरत मींड काढतो. बहुतेक काम पहिल्या-दुसऱ्या बोटावर चालतं. वेस्टर्नमध्ये व्हायोलिन गळ्याखालच्या हाडावर आणि जबड्याखाली उभ्यानं पेलायचं असतं आणि चारही बोटांचा साचा एका जागी ठरवायचा असतो. साचा तपासायची सोपी खूण: डी तारेवर पहिलं बोट आणि शेजारच्या ए तारेवर चौथं बोट, दोन्ही एकदम वाजवून स्वच्छ सप्तक यायला हवं. तिचं चौथं बोट सुरुवातीला पोचणार नाही, पोचलं तर सरळ होऊन आखडेल. अशा वेळी बोट ताणायचं नाही. कोपर थोडं आत, उजवीकडं आणायचं, म्हणजे हात आपोआप पुढं येतो. अंगठा व्हायोलिनच्या मानेला चिमटा काढत असेल तर आठवड्याभरात तळहात दुखायला लागतो.

पकड बरोबर आहे का? डावा हात पूर्ण काढून घ्या. खांदा वर न उचलता व्हायोलिन दहा सेकंद जागेवर राहिलं पाहिजे. राहत नसेल तर शोल्डर रेस्टची (खांद्यावरचा आधार) उंची चुकली आहे किंवा चिनरेस्टची (हनुवटीचा आधार). मान वाकवून ते भागवायला लागली की दोन वर्षांनी फिजिओथेरपिस्टकडं जावं लागतं.

पहिले तीन-चार महिने तिला कंटाळा येणार, हे तुम्ही आधीच ओळखून असा. भूपातल्या द्रुत ताना वाजवणारी पोरगी, आणि इथं मोकळ्या तारांवर गज ओढत बसलीय! पण तेच करायचं. मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) ६० वर, एका गजाला आठ मात्रा, घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती) फिंगरबोर्डपर्यंत (बोटं ठेवायची पट्टी) पाच वेगवेगळ्या वाटांवर, रोज दहा मिनिटं. गजाच्या टोकाशी आवाज पातळ होतो आणि मुठीशी खरखरतो, हे दोन्ही जाईपर्यंत.

वाचनाचं वेगळं सांगतो, कारण इथंच सगळ्यात मोठी चूक होते. सरगम येणारी मुलं स्टाफ नोटेशनच्या खाली पेन्सिलीनं सारेगम लिहितात. एकदा लिहिलं की डोळा खालची ओळ वाचतो आणि वरची कधीच येत नाही. शिवाय सा फिरता असतो आणि नोटेशनमधला सूर ठरलेला. स्केल बदलली की सगळं कोलमडतं. काही लिहायचं नाही. रोज पाच मिनिटं आजवर न पाहिलेल्या चार ओळी, निम्म्या लयीत, चुकलं तरी न थांबता. बेळगावात कँपातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे किंवा लष्करी बँडमधून निवृत्त झालेले वादक मिळतात का ते विचारून पाहा. त्यांना व्हायोलिन येत नसेल, पण वाचन आणि मात्रा मोजणं ते पक्कं करून घेतील.

आणखी एक सवय मोडावी लागेल, ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. साथ करताना आपण गायकाच्या किंचित मागून येतो. त्यानं जागा घेतली की ती उचलतो. साथीचा तोच धर्म आहे. क्वार्टेटमध्ये मात्र चौघांना एका क्षणी सुरू व्हायचं असतं. मागून येणारा दुसरा व्हायोलिन म्हणजे चिखलात रुतलेली बैलगाडी. सुरुवात करून देणारा एक मात्रा आधी, त्या तुकड्याच्या लयीतच, नाकानं श्वास घेतो आणि स्क्रोल थोडा उचलतो. बाकीच्यांनी तोच श्वास घ्यायचा. डोळे नोटेशनवर आणि कडेनं गजावर. कुणाचा गज किती लांब चाललाय हे जुळलं की आवाजही बराचसा जुळतो.

वाद्याचं. एकाच व्हायोलिनवर दोन पद्धती चालवू नका. आपली मिळवणी तिच्या सा-पाप्रमाणे, वेस्टर्नची ए म्हणजे ४४० हर्ट्झवर. तारा रोज खाली-वर केल्या की ई तार तुटते, घोडी वाकते, आतला साउंडपोस्ट (पोट आणि पाठ यांमधली उभी काठी) सरकतो. हिंदुस्थानी वाद्य आहे तसं ठेवा, वेस्टर्नसाठी दुसरं घ्या. मापाकडं लक्ष द्या: आपल्याकडे स्क्रोल पायावर टेकत असल्यानं मुलांना लवकर पूर्ण माप चालून जातं, हनुवटीखाली धरताना चालत नाही. हात सरळ पसरून गळ्यापासून तळहाताच्या मध्यापर्यंत मोजा. ५८ सेंटीमीटरच्या पुढं असेल तर पूर्ण माप, ५६ च्या आसपास असेल तर पाऊण माप.

नवीन वाद्य आलं की घोडी तपासा. तिचे पाय एफ-भोकांच्या (पोटावरची f आकाराची भोकं) आतल्या खाचांच्या रेषेत हवेत आणि टेलपीसकडची (तारा अडकवायची खालची पट्टी) बाजू काटकोनात उभी हवी. खुंटीनं तार चढवताना घोडी फिंगरबोर्डकडं झुकत जाते. दोन्ही हातांच्या बोटांनी तिला दर आठवड्याला सरळ करायची, नाहीतर एक दिवस धाडकन पडते. तारा बदलताना एकेकच बदलायची. सगळ्या एकदम काढल्या तर साउंडपोस्ट आत पडतो आणि तो उभा करायला बेळगावात माणूस शोधत फिरावं लागतं.

खानापूरचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. जूनपासून लाकूड फुगतं, खुंट्या जाम होतात, गजाचे केस सैल पडतात, पोटाचा आणि बाजूचा सांधा सुटून बोटानं ठोकल्यावर बद्द आवाज येतो. व्हायोलिनच्या पेटीत दोनतीनशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा काटा ठेवा आणि ४० ते ६० टक्क्यांत राहील असं बघा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की तापवून परत. मार्च-एप्रिलमध्ये उलटं, खुंट्या सटकतात. तेव्हा ओलसर स्पंजाची डबी. वाजवून झालं की गज सैल करायचाच. आणि सांधा सुटला तर फेव्हिकॉल लावू देऊ नका, कुणी कितीही खात्री दिली तरी. व्हायोलिन सरसानं चिकटवलेलं असतं ते पुन्हा उघडता यावं म्हणून. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यात वाकबगार, सरस त्यांना कळतो, पण साउंडपोस्ट आणि घोडी हे त्यांचं काम नव्हे. ते गोव्यात, मुंबईत किंवा बेंगळूरूला व्हायोलिनचंच काम करणाऱ्याकडून करून घ्या. वर्षातून एकदा, गजाच्या नव्या केसांसकट.

शिक्षक कुठं? तुम्हाला सगळ्यात जवळ गोवा. पणजीत कांपालच्या कला अकादमीत वेस्टर्न संगीताचा विभाग आहे आणि गोव्यात घरी शिकवणारेही आहेत. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून तीनएक तास. दर आठवड्याला झेपणार नाही, पावसाळ्यात तर नाहीच. पंधरवड्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मधे एकदा ऑनलाइन, असं बसवा. वाद्य गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात सांधे सुटतात. ऑनलाइनला झूमच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, नाहीतर ते व्हायोलिनचा लांब सूर गोंगाट समजून गिळतं. मोबाइल हनुवटीच्या उंचीवर, उजव्या बाजूनं, म्हणजे गज आणि डावा हात दोन्ही दिसतील. ऑनलाइन एकत्र वाजवता येत नाही, आवाज उशिरा पोचतो.

परीक्षांबद्दल थोडक्यात. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी (इंग्लंडच्या संस्थांच्या ग्रेड परीक्षा), कुठलीही एक. एबीआरएसएमच्या परफॉर्मन्स ग्रेडला व्हिडिओ पाठवता येतो, थिअरीच्या पहिल्या पाच ग्रेड घरून ऑनलाइन देता येतात. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडपासून पुढं जायला पाचवी थिअरी लागते, ती येत्या वर्षात उरकून टाका. प्रत्येक ग्रेड द्यायची गरज नाही. तिसरी, पाचवी, आठवी पुरे. तीन गाणी वर्षभर घोटून ग्रेड काढणारी मुलं आठवीला पोचतात आणि त्यांना साधं ड्युएट (दोघांची रचना) पाहून वाजवता येत नाही. आठवी म्हणजे परदेशी कॉन्झर्व्हेटरीचा (संगीताचं उच्च शिक्षण देणारी संस्था) उंबरठाही नव्हे. तिथल्या ऑडिशनला बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या सोनाटा-पार्टितांतले भाग, मोझार्टच्या १७७५ च्या कॉन्चेर्टोंपैकी एखादा आणि क्रॉइत्झर आणि रोड यांच्या अभ्यासरचनांच्या पुढचा एखादा एट्यूड किंवा कॅप्रिस (तंत्र घडवणाऱ्या सरावाच्या रचना), असं साधारण असतं. म्हणजे क्रॉइत्झरचे ४२ एट्यूड पंधरा-सोळाव्या वर्षी हाताखालून गेलेले हवेत. त्यासाठी आत्ता दिवसाला दीड तास, दोन वर्षांत तीन तास, पाऊण-पाऊण तासाचे तुकडे करून.

ह्यात माझं एक आग्रहाचं मत आहे: तिला सोळाच्या आसपास वियोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) धरू द्या. उशिरा सुरू केलेल्यांसाठी ती खरी वाट आहे. तारा सी-जी-डी-ए, नोटेशन आल्टो क्लेफमध्ये (रेघांवरचे सूर व्हायोलिनपेक्षा वेगळे वाचायची खूण), गज जरा जड. चांगले व्हायोलिनवादक ढिगानं मिळतात, वियोलावाला नसल्यानं क्वार्टेट अडून बसतात. दोन्ही वाजवणाऱ्याचा फोन आधी वाजतो. लगेच वियोला घ्यायला नको. पूर्ण मापाच्या जुन्या व्हायोलिनवर त्याच लांबीची सी तार मिळते, ती लावून क्लेफ वाचायला शिकता येतं.

बेळगावात चौघं जमणार नाहीत असंच धरून चला. दोघं जमतील. प्लेयेल आणि माझासची दोन व्हायोलिनची ड्युएट आहेत, पुढं बार्टोकची १९३१ ची ४४ ड्युओ, अगदी सोप्यापासून अवघडपर्यंत. दर आठवड्याला भाग अदलाबदल करायचे. दुसरं व्हायोलिन म्हणजे दुय्यम वादक हा समज तिथंच मोडतो. वियोलावाला सापडला की द्वोर्झाकचं तेर्त्सेत्तो, दोन व्हायोलिन आणि एक वियोला, चेलो लागतच नाही.

शिकवण्याची तयारीही सोळा-सतराव्या वर्षी सुरू करावी, शिक्षकाच्या देखरेखीखाली एक नवखं मूल घेऊन. आपल्या भागात एकाच वर्गात घरी मराठी, शाळेत कन्नड आणि चर्चमध्ये कोकणी बोलणारी पोरं असतात; व्हायोलिनला पिटीलु म्हणणारी आजी फी भरायला येते. कन्नड नीट बोलता येणं इथल्या शिक्षकाला एखाद्या डिप्लोमाइतकंच उपयोगी पडतं. हिंदुस्थानीही सोडू देऊ नका. पहिलं वर्षभर ते वाद्य बाजूला ठेवून फक्त गळ्यानं रियाज, मग परत. दोन्ही पद्धती स्वतंत्रपणे शिकवू शकणारे फार थोडे आहेत.

परदेशाचं बघायचं तर जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणी फी नसते किंवा नाममात्र असते. पण जर्मन भाषा लागते, थोडा पियानो आणि थिअरीची परीक्षा लागते, आणि व्हिसासाठी वर्षाला साधारण १२ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. फिलाडेल्फियाची कर्टिस ही संगीतसंस्था सगळ्यांनाच बिनफीची, पण तिथं जागा मिळणं हीच अडचण. इंग्लंडचे अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, बारावीच्या निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष गेलं.

ऑडिशनच्या आधी बहुतेक ठिकाणी व्हिडिओ मागतात. एकेक तुकडा सलग, मधे न कापता, चेहरा, गज आणि डावा हात तिन्ही दिसतील असा. कॉन्चेर्टोला पियानोची साथ हवी, रेडिमेड ट्रॅकवर वाजवलेलं चांगलं दिसत नाही, आणि पियानोवाला खानापुरात कुठून आणणार; त्यासाठी गोव्यात दोन दिवस आधी तालीम करून तिथंच रेकॉर्ड करा. बाखला साथच लागत नाही. तो घरीच करा, पाऊस नसलेल्या दिवशी, पत्र्याखाली नको, पंखा बंद करून.